खाडीत फ्लेमिंगो किती?

शनिवार, रात्र. ठाणे.

पाऊस थांबलाय. पागोळ्या अजून गळतायत. जेवणं उरकली, ओटा आवरला, तरी काल ऑफिसात घेतलेली मुलाखत डोक्यातून जाईना. म्हणून वही घेऊन बसले.

जागा एकच होती. अकाउंट्स असिस्टंट, काम थकबाकी वसुलीचं. रिज्युमे आले ११२. काही ऑफिसात वाचले, बरेचसे ठाणे-वाशी लोकलमध्ये. ठाण्याला गाडी सुटायची वाट बघत बसायला मिळतं तेवढ्यात पाच-सहा होतात, दिघा गाव मागे पडलं की मोबाईल पर्समध्ये टाकायचा, कारण ऐरोलीला उतरायची घाई असते.

हसायला खूप आलं. इंग्रजीत 'मॅनेजर' लिहिताना मधला एक 'ए' सुटला की जो शब्द उरतो त्याचा अर्थ गुरांची गव्हाण. शब्द शब्दकोशात आहे, त्यामुळे कॉम्प्युटर खाली लाल रेघ मारत नाही. या आठवड्यात तिघं जण 'असिस्टंट गव्हाण' होते. मी एवढ्या मोठ्याने हसले की समोरच्या सीटवरच्या मावशींनी काय झालं म्हणून विचारलं. त्यांना सांगितलं, मग त्याही हसल्या. एकाने आमच्या 'नामांकित बँकेत' काम करण्याची इच्छा लिहिली होती. आमची बँक नाही. एकाचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला, कापून लावलेला, खांद्यावर मेंदीचा हात तसाच राहिलेला. शेवटी 'वरील सर्व माहिती खरी आहे' अशी शपथ, आणि खाली तारीख २०१९ ची.

रंगीत, दोन रकान्यांचे रिज्युमे तर आमच्या सॉफ्टवेअरला झेपतच नाहीत. डावीकडचं उजवीकडे मिसळतं. एका मुलीच्या अनुभवाच्या जागी 'मराठी, हिंदी, पोहणे' असं आलं होतं. मूळ फाईल उघडली तेव्हा कळलं की तिने तीन वर्षं जीएसटीचं काम केलंय. फाईल उघडली नसती तर ती गेलीच होती. एकीचा मोबाईल नंबर नऊ आकडी. मार्क उत्तम, अक्षरशः एक आकडा कमी. तिला ईमेल टाकलाय, अजून उत्तर नाही, आणि ते मला लागून राहिलंय.

या चुकांचा मला राग येत नाही. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे एक फॉरमॅट असतो, नाव बदलून तोच शंभर मुलांना मिळतो, 'आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची संधी' सगळ्यांनाच हवी असते. रिज्युमे कसा लिहायचा हे त्यांना कुणी समोर बसवून शिकवलेलं नसतं. खोटं लिहिलेलं मात्र मी सोडत नाही. तीन महिन्यांच्या नोकरीचं दीड वर्ष करणारे असतात, त्यांच्याशी पुढे बोलतच नाही.

आता कालचं.

मुलगा ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातला. बीकॉम, एक एटीकेटी होती ती सुटलेली. रिज्युमे अर्ध्या पानाचा. मधल्या दोन वर्षांपुढे एवढंच: 'गॅप – घरगुती कारण'. शर्ट नवा, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. पॅनलवर मी आणि आमचे फायनान्सचे साहेब. साहेबांनी कुठेतरी वाचलंय की अंदाज करायला लावलं की माणसाची बुद्धी कळते. खिडकीतून खाडीच्या बाजूचं तिवरांचं हिरवं दिसतं. तिकडे बोट करून त्यांनी विचारलं, "सांग, या खाडीत फ्लेमिंगो किती असतील?"

मुलगा जरा थांबला. "आत्ता, सर?"

"हो, आत्ता."

"आत्ता पावसाळा आहे ना. आत्ता नाहीत. दिवाळी झाली की यायला लागतात, मे-जूनपर्यंत जातात. एखाददुसरा राहिला तर राहिला." मग थोडं पुढे सरकून म्हणाला, "ओहोटीला दिसतात, सर. चिखल उघडा पडला की खायला उतरतात. भरतीला शोधून उपयोग नाही."

मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. साहेबांनी कागदावर लिहिलं: 'विचारपद्धती नाही.' त्यांना हवं होतं खाडीचं क्षेत्रफळ, एका पक्ष्याला लागणारी जागा, मग भागाकार. त्या भागाकारातून ऑगस्ट महिन्यात हजारो पक्षी निघाले असते आणि उत्तर बरोबर धरलं गेलं असतं!

तो गेल्यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, हा प्रयोग जगात करून झालाय. एडिसन नोकरीला येणाऱ्यांना भलीमोठी प्रश्नपत्रिका द्यायचा, १९२१ मध्ये ते प्रश्न वर्तमानपत्रात फुटले आणि गदारोळ झाला. त्याच वर्षी आइन्स्टाईन बोस्टनला गेला होता. त्याला पत्रकारांनी त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला, तर तो म्हणाला, पुस्तकात मिळतं ते मी डोक्यात ठेवत नाही. बरं, ते जुनं झालं. गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीर सांगितलं की असल्या कोड्यांतून कोण कसं काम करेल हे काहीच कळत नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्यासारखं वाटतं. साहेब गप्प झाले. माणूस चांगला आहे, ऐकून घेतो. मग म्हणाले, "मग विचारायचं तरी काय?"

वसुलीचं काम आहे तर वसुलीचं विचारा. खरी बिलं समोर ठेवा, तीन महिने पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाला फोन लावायला सांगा. अर्धा तास पुरतो.

आमच्या, मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूच्या चुकांवर कुणी लाल रेघ मारत नाही, हे मला चौदा वर्षं खटकतंय. 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता' हा प्रश्न मी केव्हाच सोडला. पण गेल्या महिन्यात कळव्याच्या एका मुलीला पॅनलवरच्या दुसऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, "लग्नाचं काही बघतायत का घरी?" तिचा चेहरा एकदम बंद झाला. मी तिथल्या तिथे म्हटलं, या प्रश्नाचं उत्तर देऊ नकोस. नोकरी देताना बाई-पुरुष भेद करायचा नाही हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं. माझ्या जन्माआधीची गोष्ट! आणि तो प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, म्हणून तर तो जास्त टोचतो. तिला आम्ही घेतलं. सोमवारी तिचा तिसरा आठवडा सुरू होईल.

संध्याकाळी मी कोळीवाड्यातल्या त्या मुलाला फोन केला. विचारलं, ती दोन वर्षं काय केलंस? आधी 'काही नाही, घरीच' म्हणाला. मग हळूहळू बोलला. वडील आजारी पडले. होडी काका बघायचे, बर्फाचा, डिझेलचा हिशोब याच्याकडे. हॉटेलांना मासळी उधारीवर जायची. दर महिन्याला हा सायकलवर वसुलीला. कोण पहिल्या तारखेला देतो, कुणाकडे दुपारी तीनला गेलं की मालक गल्ल्यावर सापडतो, सगळं तोंडपाठ.

"अरे, मग हे लिहिलं का नाहीस?"

"मॅडम, मासळीचं लिहिलं तर चालेल?"

मला क्षणभर बोलता येईना. म्हटलं, तेच लिही. जसं मला सांगितलंस तसं. सोमवारी अकराला परत ये, साहेब बिलांचा गठ्ठा काढून ठेवणार आहेत.

आत्ता साडेनऊला त्याचा नवा रिज्युमे आला. 'गॅप' गेलाय. त्या जागी दोन ओळी आहेत: 'घरचा मासळीचा धंदा. १४ हॉटेलांची उधारी, महिनाअखेर वसुली. १३ पूर्ण, एक बाकी आहे, मागे लागलोय.'