नेपरव्हिल ते कॅलिफोर्निया, आगगाडीनं

मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आईबापांची यादी ठरलेली असते. नायगारा, न्यूयॉर्क, दोन-तीन मंदिरं आणि उरलेले दिवस खिडकीतून शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र बघणं. तिसऱ्या खेपेला मी मुलाला म्हटलं, आता देश बघायचा, तोही जमिनीवरून. तो म्हणाला, "बाबा, सॅन फ्रान्सिस्कोला विमानानं साडेचार तास लागतात." म्हटलं, म्हणूनच नको.

माझी हयात पाटबंधारे खात्यात गेली आणि गाव माणदेशातलं. त्यामुळे कुठंही गेलो तरी इथं पाणी येतं कुठून आणि जातं कुठं, हे आधी बघतो. ज्यांना फक्त फोटोच्या जागा हव्यात त्यांनी मधले परिच्छेद गाळले तरी चालेल.

गाडीचं नाव कॅलिफोर्निया झेफर. ॲमट्रॅक या अमेरिकेतल्या रेल्वे कंपनीची ही गाडी रोज दुपारी शिकागोहून सुटते. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलपर्यंतचं अंतर ३,९२४ किलोमीटर, वेळ साधारण ५२ तास. शिकागोनंतरचा पहिलाच थांबा नेपरव्हिल, म्हणजे त्या भागातल्या मराठी मंडळींना घराजवळूनच बसता येतं. आम्ही दोघांनी 'रूमेट' नावाची झोपायची खोली घेतली होती. नाव खोलीचं असलं तरी आत समोरासमोर दोन खुर्च्याच असतात. रात्री त्यांचा खालचा बर्थ होतो आणि वरचा छतातून खाली ओढतात. वरच्यावर चढायला गुडघे शाबूत हवेत. मोठी सुटकेस आत मावत नाही, खालच्या मजल्यावरच्या कप्प्यात ठेवावी लागते. संडास बाहेर, सामाईक. जेवण मात्र तिकिटात धरलेलं असतं. तरुणांनी साध्या डब्यात बसावं. खुर्ची ऐसपैस असते, पैसेही बरेच वाचतात, पण शाल आणि उशी आपलीच न्यायची, कारण रात्री एसी अंग गारठवतो. वय ६५ किंवा जास्त असेल तर बहुतेक गाड्यांत १० टक्के सवलत आहे, बुकिंग करताना ती आठवणीनं निवडायची.

दुपारभर इलिनॉय चालतं, संध्याकाळभर आयोवा. मका, सोयाबीन, परत मका. बर्लिंग्टनला मिसिसिपी लागते, तेव्हा सवयीनं मनात विसर्ग मोजायला लागलो आणि सोडून दिलं. शेतं चौकोनी, रस्ते काटकोनात. १७८५ च्या कायद्यानं हा देश आधी कागदावर चौरस मैलांत कापला आणि नंतर त्यावर माणसं बसवली. आपल्याकडचा बांध ओढ्याबरोबर वळतो, इथं ओढ्यालाच चौकोनातून वाट काढावी लागते.

डायनिंग कारमध्ये चौघांचं टेबल भरतात, त्यामुळे अनोळखी माणसांबरोबर बसावं लागतं. लाजू नका, प्रवासातली निम्मी गंमत तिथंच आहे. आमच्यासमोर आयोवाचा एक म्हातारा शेतकरी आणि त्याची बायको होती. मी पाटबंधाऱ्याचा म्हटल्यावर त्यानं कागदी रुमाल ओढला आणि पेनानं आपलं शेत काढलं, त्यात माशाच्या काट्यासारख्या रेघा. जमिनीखाली पुरलेल्या नळ्या! मी विचारलं, पाणी द्यायला? "नाही, काढून टाकायला. नाहीतर मुळं कुजतात." सांगली भागात चोपण जमिनीसाठी असा भूमिगत निचरा करतात, पण तो दिलेलं पाणी जास्त झालं म्हणून. इथं आकाशातून आलेलंच नकोसं होतं. त्यानं विचारलं, तुमच्याकडे पाऊस किती? मी म्हटलं, वीस इंच, तेही आला तर. तो हसला. "मग तुमचं गाव नेब्रास्काच्या पश्चिमेला आहे."

ते खरंच होतं. शंभराव्या पश्चिम रेखावृत्ताच्या आसपास पाऊस वीस इंचांच्या खाली उतरतो. त्याच्या पूर्वेला पावसावर शेती निघते, पश्चिमेला गुरं चारायची किंवा पाणी आणायचं. या देशाचे दोन भाग करायचे तर माझ्या मते उत्तर-दक्षिण नव्हे, ही रेघ धरावी. गंमत अशी की गाडी ती ओलांडते मध्यरात्रीनंतर, होल्ड्रेज आणि मॅककुकच्या दरम्यान, सगळे घोरत असताना. १८६२ च्या कायद्यानं सरकार कुटुंबामागे १६० एकर देत होतं. आयोवात त्यावर घर चालायचं. कोरड्या भागात चालणार नाही, चराईसाठी २,५६० एकर तरी हवेत, असं जॉन वेस्ली पॉवेल या एका हाताच्या भूगर्भशास्त्रज्ञानं १८७८ च्या अहवालात लिहून ठेवलं होतं. ऐकलं नाही कुणी. अहवालांचं सगळीकडे सारखंच.

त्याच रात्री घड्याळ एक तास मागं जातं. मी ते विसरलो आणि डेन्व्हरचा सूर्योदय दाखवायला हिला साडेतीनला उठवलं. बाहेर मिट्ट काळोख. ही ते अजून ऐकवते. तेव्हा घड्याळ झोपण्यापूर्वीच मागं करा. पुढं नेवाडात पुन्हा एक तास जातो.

डेन्व्हरला गाडी बराच वेळ थांबते. खाली उतरून पाय मोकळे करा, पण नाश्ता उरकून लगेच काचेच्या लाउंज डब्यात जागा धरा, नऊनंतर तिथं उभं राहायलाही मिळत नाही. इथून रॉकी पर्वताची चढण. वळणं आणि एकामागून एक बोगदे बघून ही म्हणाली, "खंडाळा, पण कुणी ताणून ठेवलेला." मग मॉफट बोगदा, १९२८ चा, १० किलोमीटर लांब. आत असताना डब्यांची दारं उघडू देत नाहीत, धूर आत येतो. याच बोगद्याला लागून दुसरा एक आहे, पहिला काढताना मदतीला खोदलेला. त्यातून आज पाणी जातं, पश्चिम उताराचं पाणी डोंगराखालून पूर्वेला, डेन्व्हरच्या नळांना. आपण कोयनेत उलटं केलं. कृष्णेकडे, पूर्वेला जाणारं पाणी बोगद्यानं पश्चिमेला पोफळीत टाकलं आणि त्यावर वीज काढली. दहा मिनिटांच्या त्या काळोखात मला अगदी खात्यात असल्यासारखं वाटलं.

बोगद्यापलीकडे गाडी कोलोरॅडो नदीला धरून चालते, तीही कित्येक तास. हा सगळ्यात देखणा पट्टा, लाल-करड्या कड्यांच्या घळी, खाली फेसाळतं पाणी. रबरी होड्यांतली मंडळी गाडी दिसली की पाठ करून उभी राहतात आणि चड्डी खाली करतात. जुनी प्रथा आहे म्हणे. सासू-सासरे बरोबर असतील तर आधी सांगून ठेवलेलं बरं.

नदी दिसते दांडगी, पण हिच्या पाण्याचं वाटप १९२२ मध्ये सात राज्यांच्या दोन गटांत झालं, आणि आकडे धरले ते चांगल्या पावसाच्या वर्षांचे. त्यामुळे कागदावर जेवढं पाणी वाटलंय तेवढं नदीत नसतं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाचे खंड चाळलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. कायदाही रेघेप्रमाणे बदलतो. पूर्वेला काठावर जमीन असेल त्याचा पाण्यावर हक्क, पश्चिमेला ज्यानं आधी पाणी उचललं त्याचा पहिला. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत तुटवडा सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो. इथं शेवटी आलेल्याचं शेत आधी वाळतं.

ग्लेनवूड स्प्रिंग्जला स्टेशनसमोरच गरम पाण्याचे झरे आहेत. पुन्हा गेलो तर एक रात्र तिथं उतरेन. तसं करायचं तर तिकीट आधीच दोन तुकड्यांत काढायचं. यूटाची हद्द एका कड्यावर रंगवलेली आहे, नजर ठेवली तर दिसते. घळींमध्ये मोबाइलला रेंज नसते, मुलाबाळांना तसं सांगून ठेवा म्हणजे ती घाबरणार नाहीत. सॉल्ट लेक सिटी रात्री अकराच्या सुमारास येतं, खारं सरोवर अंधारातच जातं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नेवाडा. काही जण याला कंटाळवाणं म्हणतात. मला तर घरी आल्यासारखं झालं: करडी माती, खुरटी झुडपं, लांबवर बोडके डोंगर. इथल्या नद्या समुद्राला मिळत नाहीत, हम्बोल्ट नदी वाळवंटातल्या एका खोलगट जागी जिरून संपते. रेनोनंतर सिएरा नेवाडाचा घाट लागतो आणि कोडं उलगडतं. पॅसिफिकवरून येणारे ढग पश्चिम उतारावर रिकामे होतात, पूर्वेला उरतो कोरडा वारा. आमच्या माण-खटावचं सह्याद्रीनं जे केलं तेच. फरक एवढाच की इथं पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडतं. वर डॉनर सरोवर दिसलं की १८४६ सालच्या हिवाळ्यात बर्फात अडकून मेलेल्या सोबत्यांचं मांस खायची पाळी आलेल्या वसाहतवाल्यांची गोष्ट कुणीतरी सांगतंच. जेवणाच्या वेळी मात्र ऐकू नका.

सॅक्रामेंटोच्या पुढं गाडी योलो बायपास ओलांडते. नदीला पूर आला की जादा पाणी या शेतांत सोडायचं, एरवी तिथं भात आणि टोमॅटो. मी खिडकीला नाक लावून बघत राहिलो. सांगलीत २०१९ ला काय झालं ते डोळ्यांपुढं होतं.

खाण्याचं सांगायचं तर शाकाहारी पदार्थ मिळतो, पण तोच तो. हिनं दशम्या, लसणाची चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू घेतले होते, ते तिसऱ्या दिवसापर्यंत टिकले. चहासाठी गरम पाणी खालच्या कॅफेत मागितलं की मिळतं. पासपोर्ट हाताशी ठेवा. रूळ बहुतेक मालगाडीवाल्यांच्या मालकीचे आहेत, तेव्हा चार-सहा तास उशीर धरूनच बेत आखा आणि पोचायच्या दिवशी विमान ठेवू नका. एमरीव्हिलहून सॅन फ्रान्सिस्कोला जोडबस असते, तीही त्याच तिकिटात घालून घ्या. बसमध्ये डाव्या बाजूला की उजव्या, असं विचारू नका, मी पुलावर येईपर्यंत झोपलो होतो.