लागत नाही त्या परमिटसाठी मारलेल्या चकरा

बॅटरीवरच्या प्रवासी ऑटोला परमिट लागत नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने 18 ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेने ते माफ केलं. ही तारीख मला आता झोपेतही सांगता येते, कारण कर्जाच्या फॉर्मवर 'परमिट क्रमांक' असा एक रकाना होता आणि तो रिकामा असला की फाइल पुढे सरकत नव्हती.

आमचा जुना डिझेल ऑटो गावावरून तालुक्याला सवारी करायचा. आता स्टँडवर उभं राहून सीट भरायचे दिवस कमी झाले, रात्रीच फोन येतात. "भाऊ, सकाळी दवाखान्यात जायचं आहे, वस्तीवर या." एकीला घ्यायला पांदणीने आत जायचं, वाटेत आणखी दोघांना बसवायचं, रिकाम्या फेऱ्यांना डिझेल परवडेना. म्हणून ई-ऑटो. ई-रिक्षा नव्हे बरं का! ती स्वस्त पडते, पण तिचा वेग नियमानेच 25 किलोमीटरवर अडतो, आणि कापसाच्या ट्रकांमधून तशी चालवायची माझी तरी हिंमत नाही. गाडीची पसंती, कोटेशन, सगळं पटापट उरकलं.

मग कर्ज. बँकेतले साहेब म्हणाले, "परमिट नाही तर हप्ता कशातून फेडणार?" मी अधिसूचना छापून नेली. त्यांनी कागद उलटून पाहिला. "हे दिल्लीचं आहे, आमच्या यादीत नाही. आरटीओचं पत्र आणा." आरटीओच्या खिडकीवरचा बाबू हसला, "राजेहो, जे लागतच नाही, ते लागत नाही म्हणून पत्र कोण देईल? काहून आले एवढ्या दूर?" परत बँकेत, तर साहेब रजेवर. पुढच्या वेळी साहेब होते, तर सर्व्हर डाऊन. बाहेर चहाच्या टपरीवर एक एजंट भेटला. पैसे दिले तर 'परमिटसारखा' कागद करून देतो म्हणाला. असल्या माणसाच्या नादी लागू नका, पुढे तोच कागद अंगाशी येतो.

शेवटी मी तोंडी बोलणंच बंद केलं. साधा अर्ज लिहिला, अधिसूचना जोडली आणि खाली एक ओळ टाकली: परमिट नाही म्हणून कर्ज देत नसाल, तर तसं लेखी द्यावं. दोन प्रती नेल्या, एकीवर आवक शिक्का मागितला. शिक्का द्यायला कुरकुर झाली, मी हललो नाही. नंतर कोणी कोणाला फोन केला देव जाणे, पण त्या रकान्यात 'लागू नाही' लिहिलं गेलं आणि संगणकाने ते निमूट घेतलं. पहिल्याच दिवशी हे दोन शब्द टाकले असते, तर माझी ऐन पेरणी बँकेच्या बाकावर गेली नसती.

परमिट माफ म्हणजे विमा, फिटनेस माफ नव्हे, हेही सांगून ठेवतो. पाटी हिरवी मिळते, अक्षरं पिवळी.

गाडीबद्दल तक्रार नाही. गावात बाकीचे ऑटो डिझेलचेच आहेत. लांबचा फोन त्यांना, जवळचा मला, असं आम्ही वाटून घेतलं. सकाळच्या सवाऱ्या झाल्या की दुपारी रस्ता ओस, तोच चार्जिंगचा वेळ. मे महिन्यात मात्र आल्याआल्या प्लग लावत नाही, आधी कडुनिंबाखाली गाडी निवू देतो. तीनच सवाऱ्या बसवतो. जास्त कोंबल्या की बॅटरी लगेच हिशेब मागते, डिझेल असा मागत नव्हता.

आणि शेतातल्या पंपाच्या लाइनीवर चार्जिंग लावायचा मोह टाळा. ती वीज ठरलेल्या तासांनाच येते, आणि शेतीच्या जोडणीवर ऑटो चार्ज करणं वीज कायद्यात गैरवापर ठरतो. घरीच जाड वायर, 16 अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग करून घ्या.