६४१ च्या पानावरची वजाबाकी

नागपुरात सक्करदऱ्याकडे एका शाळेत नववीला गणित शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या तासाला फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या संख्या फळ्यावर लिहिल्या, २ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १, म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५५३७, सगळ्या मूळ. पुढची ४२९४९६७२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फर्माला १६४० च्या सुमारास वाटलं हीपण मूळच असणार. म्हटलं बघा बरं कशाने भाग जातो का, तेवढ्यात घंटा झाली आणि मी विसरूनही गेलो.

सुट्टीनंतर एक पोरगी दोनशे पानी वही घेऊन स्टाफरूमच्या दारात. "सर, हजारपर्यंत कशानंच भाग नाई जात, मूळच असन."

२ पासून ९९७ पर्यंत १६८ मूळ संख्या, सगळ्यांचे भागाकार हातानं केलेले, २, ३, ५ च्या कसोट्या येतात तरी त्यांचेसुद्धा! मी मात्र थेट ६४१ चं पान काढलं, कारण ऑयलर ह्या गणितज्ञाने १७३२ मध्ये ह्याच संख्येने पूर्ण भाग जातो हे दाखवलंय. तिथे बाकी ३५९.

भागाकाराचे आकडे ६, ७, ०, ० इथपर्यंत अगदी बरोबर. मग २६७२ वजा २५६४, उत्तर १०८ यायला पाहिजे, हिनं हातचा घेतला पण दशकातून कमी केला नाही, लिहिलं ११८. तिथून सगळं वाहवत गेलं. ताळा केला असता तर ४२९४९६८२९७ आलं असतं, बरोबर एक हजार जास्त, लगेच दिसलं असतं. पण ताळा आता करून घेतो कोण? पेपरात त्याला मार्क नाहीत म्हणून आम्ही शिक्षकांनीच तो सोडून दिला, ह्याचा मला खरंच राग येतो.

चूक दाखवली नाही, फक्त म्हटलं हा एक परत कर. तिनं तिथेच उभ्यानं केला, बाकी शून्य, भागाकार ६७००४१७. मला वाटलं खूश होईल, तर म्हणे, "मंग बाकीचे १६७ पण चुकले असन तर?"

मग मी सांगितलं की ऑयलरने सिद्ध केलंय, ह्या संख्येला जिने भाग जातो ती मूळ संख्या ६४ च्या पटीत १ मिळवूनच मिळते, म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१, पाचच भागाकार पुरे. ती वहीकडे बघत राहिली. "सर, हे आधी काहून नाई सांगतलं?"

काय सांगू? आधी सांगितलं असतं तर तिची दिवाळी वाचली असती, पण १६८ भागाकार करणारी पोरगी आपल्या वर्गात आहे हे मला वर्षभर कळलं नसतं. दोन्ही खरं आहे आणि मला अजून ठरवता येत नाहीये. स्टाफरूममधले एक सर म्हणाले बोर्डाच्या उपयोगाचं काहीतरी देत जा, त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

तिनं वही परत नेलीये. पहिल्या पानापासून ताळे करतेय, मी काही सांगितलं नव्हतं. काल ३१३ पर्यंत आली होती, आणखी दोन भागाकार चुकलेले निघाले.