चिपळूणच्या दुकानाचा संगणक: एका हातात घेऊन जिना चढता येईल असा

मंडळी, चिपळूणच्या बाजारपेठेतल्या हार्डवेअर-पेंटच्या दुकानाचं मशीन अखेर बिलिंगला लागलं. काम छोटं, पण गेमिंगच्या मशीनला कधी करावा लागला नाही इतका विचार इथे करावा लागला. टॅली, जीएसटीची रिटर्न, थोडं एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब एवढंच चालवायचं, म्हणजे वेगाची चिंता नव्हतीच. चिंता जागेची होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारात शिरली तेव्हा काउंटरखालचा टॉवर पाण्यात गेला. बॅकअप होता, पण तो पेन ड्राइव्ह त्याच काउंटरच्या ड्रॉवरमध्ये.

दुकानाच्या काकांची अट एकच: “मशीन बारकं असलं तरी चालेल, पण पाणी चढायला लागलं की एका हातात घेऊन मला माडीवर जाता आलं पाहिजे.” ही अट ऐकली आणि माझ्या यादीतली बरीच नावं तिथेच कटली.

पुरानंतर घेतलेला जुना टॉवर इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा होता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्यावर रीतसर बसत नाही, म्हणून तो बाद. नवीन असेंबल करायचं तर आय३-१२१०० प्रोसेसर आणि एच६१० मदरबोर्ड ही माझी आवडती जोडी: चार कोर, आठ थ्रेड, ग्राफिक्स आतच, वेगळं कार्ड लागत नाही. पण कॅबिनेट आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) धरून ते एका हाताचं ओझं राहत नाही, शिवाय २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेले. शेवटी रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला, लेनोवो थिंकसेंटर एम७२०क्यू घेतला, आय५-८५००टी वाला. सहा कोर, ३५ वॉटचा प्रोसेसर, लांबी-रुंदी १८ सेंटिमीटरच्या आसपास, जाडी साडेतीन, वजन साधारण सव्वा किलो. आकार अर्धा किलो मिठाईच्या खोक्याएवढा.

रिफर्बिश्ड घेणाऱ्यांनी आठव्या पिढीच्या खाली उतरू नये. दुकानात सातव्या आणि आठव्या पिढीचे डबे शेजारी शेजारी असतात, दिसायला जवळपास सारखे, आणि सातवीवाला स्वस्त मिळतो. “विंडोज ११ चालतं” असं विक्रेता सांगेल. जबरदस्तीने बसवता येतं हे खरं, पण ज्या मशीनवर माणसाचा धंदा आहे तिथे अपडेट मिळतील की नाही अशी टांगती तलवार मी ठेवणार नाही. पैसे देण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरून पाहा. आधी वापरणाऱ्या कंपनीने टाकलेला सुपरवायझर पासवर्ड राहिला असेल तर तो डबा सोडून द्या. विंडोज प्रो अ‍ॅक्टिव्हेट होतंय का, हेही तिथेच बघा. आतली जुनी एसएसडी मी काढली, नवी ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) टाकली, रॅम ८-८ अशी १६ जीबी केली, थर्मल पेस्ट बदलली.

व्हेसा माउंट (मॉनिटरमागची पट्टी) लावून तो मॉनिटरच्या मागे स्क्रूने बसवणं देखणं दिसतं, पण पुराच्या वेळी स्क्रू कोण काढत बसणार? म्हणून भिंतीवर डोक्याच्या उंचीला उघडं फोल्डिंग ब्रॅकेट आणि वेल्क्रोचा पट्टा. प्रत्येक वायरला रंगीत टेप. काकांनी स्वतः करून पाहिलं, मिनिटाच्या आत मशीन हातात.

आता वीज. कोकणात संगणक मरतो तो जास्त करून विजेमुळे. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजा तुम्हाला माहीत आहेतच. दुकानातल्या सॉकेटला मल्टिमीटर लावला तर तिसऱ्या पिनला वायरच नव्हती. अर्थिंगशिवाय स्पाइक गार्ड निम्म्याहून जास्त निकामी, कारण त्यातल्या एमओव्हीला (जादा व्होल्टेज वळवणाऱ्या भागाला) वाढीव दाब जमिनीत सोडायला वाट लागते. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग करून घेतलं. नंतर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्ट आला, म्हणजे उत्तम. बाजारपेठ नदीकाठची, माती ओली, त्यामुळे हे सोपं गेलं. जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) घर किंवा दुकान असेल तर उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं, कोरडा जांभा करंट नीट सोडत नाही.

यूपीएस साधा ६०० व्हीएचा, लाइन इंटरॅक्टिव्ह. संध्याकाळी व्होल्टेज २०० च्या खाली येतं, ते तो बॅटरीला हात न लावता सांभाळतो. स्वस्त यूपीएसची लहर पायरीपायरीची असते आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (वीज ओढण्याची लय सुधारणारं सर्किट असलेले) मोठे एसएमपीएस कधी कधी त्यावर बंद पडतात. एम७२०क्यू चा ६५ वॉटचा अ‍ॅडॉप्टर मात्र निवांत चालला. वॉटमीटरवर मशीन नुसतं उघडं असताना १० ते १२ वॉट, मॉनिटरसकट चाळिशीच्या आत. लेझर प्रिंटर यूपीएसवर नाही, कधीच नाही: त्याचा फ्यूजर (शाई कागदावर भाजणारा भाग) तापताना जो ओढा घेतो त्याने यूपीएस झोपतो.

रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, धोका समजावताना मी काकांना जून २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्याचं सांगितलं. न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल त्यात ठप्प झालं होतं, म्हणजे हे आपल्या दारापर्यंत आलेलं प्रकरण. मर्स्कचे जगभरातले डोमेन कंट्रोलर (कंपनीच्या नेटवर्कची खाती-पासवर्ड सांभाळणारे सर्व्हर) गेले. घानातल्या कार्यालयातला एकच वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवरच नव्हता. तुटलेली प्रत वाचते, जोडलेली जाते. यूएसबी डिस्क कायम लावून ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

म्हणून दोन पोर्टेबल डिस्क. रोज रात्री टास्क शेड्युलरमधून रोबोकॉपी (विंडोजचंच कॉपी करणारं टूल) टॅलीचा डेटा तारखेच्या फोल्डरमध्ये आतल्या दुसऱ्या, सॅटा एसएसडीवर टाकतं. दर शनिवारी एक डिस्क लावायची, कॉपी झाली की काढायची, घरी न्यायची आणि घरची दुकानात आणायची. घर चढावर आहे, तिथे पाणी पोचत नाही. दोन्हींवर बिटलॉकर (पासवर्डशिवाय डेटा वाचता येत नाही असं विंडोजचं कुलूप), कारण पिशवीतून फिरणारी डिस्क हरवू शकते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, तेव्हा वर्षअखेरची प्रत वेगळी काढतो. एका डिस्कवरून माझ्या लॅपटॉपवर डेटा उतरवून मार्चचा ताळेबंद उघडून पाहिला, आकडे जुळले. ही चाचणी केल्याशिवाय बॅकअप आहे असं मी म्हणत नाही.

बिलिंगचं खातं साधं युजर, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात घरी. डिफेंडर (विंडोजचा अँटीव्हायरस) चालू, फोल्डरचं संरक्षणही चालू. त्यात टॅलीला परवानगी द्यावी लागते, नाहीतर ते डेटा लिहूच शकत नाही. दूरवरून जोडणारं सॉफ्टवेअर काम असेल तेव्हाच उघडायचं. राउटरवर ३३८९ पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा) बंद आहे, हे स्वतः तपासलं.

राहिलंय ते माडीचं काम. पूर आला की वीज लवकर येत नाही आणि लोक उधारीची वही विचारायला येतातच. मशीन २० व्होल्ट डीसीवर चालतं, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवरून बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज चढवणारं सर्किट) लावून चालवायचा विचार आहे. अडचण लेनोवोच्या चौकोनी पिनची: मधल्या पिनवरच्या रेझिस्टरवरून मशीन अ‍ॅडॉप्टर ओळखतं. जुन्या अ‍ॅडॉप्टरची वायर कापून तीच पिन वापरणार आहे. कोणी हे केलं असेल तर कन्व्हर्टर किती अँपियरचा घेतला आणि तो किती तापला, तेवढं कळवा.