मामाचा गहू, तांबेरा आणि भरलेला पंप

मागच्या थंडीत मामाने व्हॉट्सॲपवर गव्हाच्या पानाचा फोटो टाकला, खाली एकच ओळ, "तांबेरा आलाय का बघ, पंप भरून ठेवलाय". झूम केलं तर बारीक फिकट ठिपके. म्हटलं मामा, आधी पानावर बोट घासून बघ तांबडी पूड लागते का. नाही लागली. मग थांब जरा.

तांबेऱ्याच्या बुरशीला जिवंत पेशीच लागते, मेलेल्या पेशीवर तिचं पोट भरत नाही. म्हणून ताकदीच्या वाणात बुरशी शिरल्याचं कळलं की झाड तिथल्या आपल्याच पेशी मारून टाकतं, बुरशी जागच्या जागी उपाशी. ठिपका दिसतो तो त्याचा. मामा म्हणाला, "वणव्यापुढे जाळपट्टा काढतात तसंच की". मला दहा मिनिटं लागली असती समजवायला!

पण झाडाला कळतं कसं? याचा छडा 1940 च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ डाकोटात हॅरल्ड फ्लॉर यांनी लावला, तेही आपल्या जवसावर. जवसाच्या प्रत्येक प्रतिकारक जीनला बुरशीत जोडीचा एक जीन असतो, झाड तोच ओळखतं. बुरशीने तेवढा एक जीन बदलला की झाडाला चोर दिसेनासा होतो. गव्हात नेमकं हेच झालं. राय नावाच्या धान्यातून गव्हात आणलेला एसआर31 हा जीन कितीतरी वर्षं खोडावरचा तांबेरा अडवत होता, त्याच्या भरवशावर जगभर वाण निघाले आणि 1998 मध्ये युगांडात युजी99 हा खोडावरच्या तांबेऱ्याच्या बुरशीचा प्रकार सापडला, ज्याला हा जीन अडवूच शकत नव्हता. आपल्याकडे महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, तिथे मुद्दाम तांबेरा लावून वाण तपासतात. आपण मात्र स्ट्रॉबेरी खाऊन परत येतो.

मला स्वतःला आवडतो तो गव्हाचाच दुसरा जीन, एलआर34. हा पेशीबिशी मारत नाही, बुरशीची वाढ नुसती मंद करतो, तेही गहू मोठा झाल्यावर. दिसायला अगदीच मवाळ, पण गव्हाचे तिन्ही तांबेरे (खोडावरचा, पानावरचा, पिवळा) आणि भुरी रोग, सगळ्यांवर थोडा थोडा चालतो, आणि इतकी दशकं झाली तरी टिकून आहे. हा जीन असला की वरच्या पानाची टोकं वाळतात, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार पीक आजारी आहे.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं, तो हूं हूं करत राहिला. गव्हावर फवारणी नाही केली. पण भरलेलं औषध वाया कशाला घालवायचं म्हणून संध्याकाळी शेजारच्या कांद्यावर मारून आला.