जोंधळ्याची कूस आणि तात्यांचा डोळा

मागच्या फाल्गुनात मंगळवेढ्याजवळच्या आमच्या रानात जोंधळ्याची मळणी चालू असताना माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, उजव्या डोळ्यात भुसकट गेले. सुगीत हे रोजचेच म्हणून त्यांनी डोळा पाण्याने धुतला आणि दिवस मावळेपर्यंत काम केले. चौथ्या दिवशी डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, तेव्हा एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंबांची बाटली आणली गेली. तिच्यात प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होते. दोन दिवसांत लाली उतरली आणि डोळा बरा होतो आहे असे घरातल्या सर्वांना, मलाही, वाटले. त्या समजुतीची किंमत तात्यांनी मोजली, म्हणून हे लिहितो आहे.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. कूस, पाचट किंवा उसाचे पाते लागून त्याचा वरचा थर खरवडला की फ्युसेरियम, अ‍ॅस्परजिलस यांसारख्या बुरशींना आत शिरायला वाट मिळते. डोळ्याची लाली ही शरीराने चालवलेल्या प्रतिकाराची खूण असते. स्टेरॉइड तो प्रतिकारच दाबते, त्यामुळे वरून डोळा शांत दिसतो आणि आत बुरशी बिनविरोध वाढत राहते. बुरशीच्या संसर्गावर मुळात चालतच नाहीत ती प्रतिजैविके वेळ तेवढा घालवतात.

बाराव्या दिवशी आम्ही त्यांना सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. बुबुळावर करडी-पांढरी जखम होती, तिच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या होत्या आणि आत तळाशी पू साचला होता. डॉक्टरांनी भूल देणारे थेंब घालून जखम अलगद खरवडली, ते द्रव्य काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवले आणि थोड्याच वेळात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे आम्हालाही दाखवले. फ्युसेरियम हे नाव कल्चरमधून, म्हणजे प्रयोगशाळेत ती बुरशी वाढवून केलेल्या तपासणीतून, पुढे कळले, पण उपचार त्या काचपट्टीच्या आधारावरच सुरू झाले. इतकी साधी तपासणी पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी होती, ही खंत मला अजून सोडत नाही. बुबुळाच्या बुरशीची पहिली नोंद जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी 1879 साली केली आणि तो रुग्णही मळणीत डोळ्याला भूस लागलेला शेतकरीच होता, हे नंतर वाचले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो.

औषध होते नाटामायसिन हे बुरशीनाशक, 5 टक्के. हे दुधासारखे पांढरे थेंब बाटली हलवूनच घालावे लागतात, आणि सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. काकू आणि चुलतभाऊ घड्याळ लावून आळीपाळीने उठत होते. हे औषध खोलवर झिरपत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी जखमेचा वरचा थर आणखी दोनदा खरवडून काढला. वोरिकोनाझोल हे नवे औषध का नको, असे मी विचारले होते. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, विशेषतः फ्युसेरियमवर, जुने नाटामायसिनच सरस ठरले होते, असे त्यांनी समजावून सांगितले. औषधाला दाद मिळाली नाही आणि बुबुळाला भोक पडायची वेळ आली, तर संसर्ग काढण्यासाठीच नेत्ररोपण, म्हणजे खराब पडदा काढून दात्याचा पारदर्शक पडदा बसवण्याची शस्त्रक्रिया, करावे लागते, याचीही त्यांनी पूर्वकल्पना दिली होती.

ती वेळ आली नाही. पू आटायला तीन आठवडे लागले आणि जखम पूर्ण भरायला दोन महिन्यांहून अधिक. मात्र बुबुळाच्या मधोमध पांढरे फूल राहिले आहे, त्या डोळ्याला माणसाचा आकार कळतो, चेहरा ओळखू येत नाही. दृष्टीसाठी नेत्ररोपण करता येईल, पण डोळा काही महिने पूर्ण शांत राहिल्याशिवाय डॉक्टर त्याचा विचार करणार नाहीत. तात्या दर महिन्याला एसटीने सोलापूरला तपासणीसाठी जातात आणि ती उरलेली स्टेरॉइडची बाटली काकूंनी पहिल्याच फेरीत डॉक्टरांच्या हवाली केली आहे.