घाट सोपा गेला, सपाटीने रडवलं: कानबाईला पेटी घेऊन खान्देशात

पावसाळ्यात कन्नड घाटातून जाऊ नका, असं निघण्याआधी भेटेल त्या प्रत्येकाने सांगितलं. सोसायटीतल्या एका काकांनी तर २०२१ च्या ऑगस्टअखेरीस कोसळलेल्या दरडीचे फोटो नव्याने पाठवले. घाटात आम्हाला काहीही झालं नाही. जे झालं ते घाट उतरून, चाळीसगाव-भडगाव मागे टाकून, घर हाकेच्या अंतरावर आल्यावर, पार सपाट जमिनीवर झालं. त्यामुळे हा वृत्तांत मुख्यतः त्या एका रस्त्याबद्दल आणि पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीच्या नावाखाली चालणाऱ्या लुटीबद्दल आहे. निसर्गसौंदर्य वगैरे हवं असेल तर श्रावणात कुठेही गाडी काढा, दिसेल.

निमित्त कानबाईचं, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीचं. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, रात्री जागरण, सोमवारी विसर्जन. सुरत, नाशिक, पुणे, मुंबई, जिथे कुठे भाऊबंद पांगलेत तिथून सगळे गावी येतात. दिवाळीला न येणारेही कानबाईला येतात. आमचं गाव पारोळा आणि अमळनेरच्या मधलं. यंदा जास्तीचं कारण म्हणजे आजोबांची पेटी. भजनी मंडळासाठी त्यांनी घेतलेली, दुहेरी सुरांची (सूर म्हणजे आत हवेने थरथरून वाजणारी पितळी जीभ, दुहेरी म्हणजे एका पट्टीला दोन), साडेतीन सप्तकांची, सागवानी. रेडिओवर १९४० पासून पेटीला बंदी होती आणि ती सत्तरच्या दशकात उठली. आमच्या मंडळाला या बंदीचा पत्ताही नव्हता, त्यांची पेटी रोज संध्याकाळी वाजतच होती. आजोबा गेल्यावर ती माळ्यावर गेली आणि उंदरांची झाली. जिभाऊंनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, फोनवर एवढंच सांगितलं होतं, "पेटी लई ये. वाजती करीसन." म्हणजे पेटी घेऊन ये, वाजती करून.

आता बिल. पुण्यात ज्याच्याकडे पहिल्यांदा गेलो त्याने झाकण उघडलं, भाता दोनदा ओढला आणि सांगितलं की सगळे सूर मेलेत. बेचाळीस पट्ट्या, दोन ओळी, म्हणजे चौऱ्याऐंशी सूर, सगळे बदलावे लागतील. वर भाता, वर पॉलिश. एकूण ३८,०००. या पैशात नवी चांगली दुहेरी पेटी दारात येते आणि वर पेढ्यांना पैसे उरतात. मी सुरांना हात लावू नका म्हणालो, भाता आणि पॉलिश तेवढं करायला दिलं. त्याचे १४,००० घेतले आणि काय केलं? जुन्या मऊ चामड्याच्या जागी जाड रेक्झिन ठोकलं. भाता इतका ताठ झाला की दोन अभंगांत मनगट भरून यावं. पॉलिश मात्र असं चकाचक की त्यात तोंड दिसतं. आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेली डावीकडची कड त्याने पॉलिशपेपर मारून सरळ केली. सांगितलं कोणी होतं? वर पाच सूर 'तपासायला' काढून ठेवले ते ठेवलेच.

दुसरा कारागीर नात्यातल्या एकाने सुचवला. म्हातारा माणूस, घरातच काम करतो, दारावर दुकानाची पाटी नाही. त्याने सुरांची पाटी, म्हणजे सूर बसवलेली फळी, बाहेर काढली, एकेक सूर नखाने छेडून ऐकला आणि त्या पाच खाचा सोडून बाकीच्यांत चार कामातून गेलेले निघाले. उरलेल्यांत फक्त धूळ आणि पितळेवर चढलेला हिरवा थर होता. सूर पॅरिसचे आहेत हे त्याने पाहताक्षणी सांगितलं. नऊ जागी पालीतान्याचे नवे बसवले, रेक्झिन फाडून परत चामडं लावलं, पट्ट्यांखालची उंदरांनी खाल्लेली बनात (जाड लोकरी कापड) बदलली. सगळे मिळून ९,५००. मी आधी याच्याकडे गेलो असतो तर मला १४,००० ची झळ बसली नसती, पण दुकानाची पाटी नसलेला माणूस सापडणार कसा?

त्याने सांगितलेली एक गोष्ट लक्षात ठेवा. जुनी पेटी मोबाइलच्या तानपुऱ्याशी लावून पाहिली की किंचित उतरलेली वाटते. आमचीही वाटली. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ चा (सेकंदाला ४३५ कंपनांचा) स्वर ठरवून दिला होता, आज सगळीकडे ४४० चालतो, हा फरक तिथला. पेटी बिघडलेली नसते. मी सूर बदलू देईना तेव्हा पहिल्या महाशयांना ते सगळे घासून ४४० वर आणायचे होते. सूर चढवायचा तर जिभेच्या टोकाकडचं पितळ खरवडावं लागतं. पितळ गेलं की परत येत नाही आणि पातळ झालेली जीभ लवकर मोडते. पेटी एकटीने भजनात वाजणार असेल तर चढवू नका. बासरीवाला रुसला तर रुसू दे.

पेटी दुरुस्तीला देताना: आधी उघडून दोन्ही ओळींचे फोटो काढा, सूर मोजून कागदावर लिहा, त्यावर त्याची सही घ्या, आणि बदललेला प्रत्येक जुना सूर परत मागा. जुन्या पॅरिस आणि जर्मन सुरांना बाजारात चांगली किंमत येते. 'मेलेले' सूर उद्या दुसऱ्याच्या पेटीत जिवंत होतात.

प्रवास. पेटी डिकीत ठेवू नका. डिकी तापते, आणि खड्ड्याचा पहिला दणका तिथेच बसतो. भात्याच्या कड्या लावून, गोधडीत गुंडाळून, मागच्या सीटवर पट्ट्याने बांधा. आमच्याकडे त्यामुळे चिरंजीव मधे अडकून बसले. ते वाढतील, पेटी वाढायची नाही.

पुण्यातून पहाटे निघालो, अहिल्यानगर, संभाजीनगर, कन्नड. संभाजीनगरच्या अलीकडे एका ढाब्यावर 'खान्देशी शेवभाजी' ३२० रुपयांना लावली. वर तेलाचा तवंग, खाली कोमट पाणी, शेव शोधावी लागली. खान्देशी पदार्थ घाट उतरल्याशिवाय खाऊ नका.

घाटाबद्दल एका दमात सांगतो. जड वाहनांना २०२३ पासून हायकोर्टाच्या आदेशाने बंदी असल्याने पूर्वीची ट्रकची रांग आम्हाला लागली नाही. धुकं होतं, हेडलाइट लावून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. धबधब्यापाशी वळणावरच गाडी लावून सेल्फी काढणारे आहेत, धोका म्हणाल तर तेवढाच. जोराचा पाऊस चालू असेल तर कन्नडलाच चहा घेत थांबा. अंधारात जाऊ नका. बस.

आता तो रस्ता. भडगावहून सरळ पारोळ्याला जायचं आणि तिथून अमळनेर रस्त्याला लागायचं, हा आमच्या वडिलांचा रस्ता. फोनवरच्या नकाशाने मधूनच एक निळी रेघ काढली, 'बावीस मिनिटं वाचतील'. पहिले काही किलोमीटर डांबर होतं, छान होतं, दोन्हीकडे गुडघाभर कपाशी. मग डांबर संपून खडी आली. मग खडी संपली आणि काळी माती आली, आणि ती आली तेव्हा एका बाजूला चारी, दुसऱ्या बाजूला शेत, गाडी वळवायला जागा नाही.

ज्यांनी काळ्या मातीचा गारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. ही माती पाणी पिऊन फुगते. चाक फिरलं की ती चाकाला चिकटते, पुढच्या फेऱ्याला त्या मातीला माती चिकटते, आणि मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट बुजून जाते. मग चाक अडतं. एक्सिलेटर दिला की गाडी पुढे जात नाही, आडवी सरकते. फोर व्हील ड्राइव्ह असेल तरी मडगार्ड भरल्यावर काही उपयोग नाही. खाली उतरलो तर चप्पल मातीत राहिली आणि पाय वर आला. काठीने मडगार्डमधली माती उकरून काढायची, दहा फूट पुढे जायचं, परत उकरायचं. पेटी आत गदगदा हलते आहे. आई मागून दर दणक्याला "पेटी धर रे" म्हणते आहे. बायको काही बोलत नाही, ते जास्त वाईट.

पुढे नाल्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल, होती आणि फरशीवरून पाणी. मोटारसायकल रस्त्यातच ठेवून एक शेतकरी चालत आला, गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "हाई रस्ता नही शे भाऊ, हाई नाला शे. मांगे फिरा." मागे फिरायला जागा असती तर! शेवटी त्यानेच फोन करून ट्रॅक्टर बोलावला. ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधला, गाडी मागच्या मागे खडीपर्यंत ओढली आणि सातशे रुपये घेतले. योग्य घेतले. चौदा हजारवाल्याने केलं त्यापेक्षा जास्त काम त्याने अर्ध्या तासात केलं.

बावीस मिनिटं वाचवायला पावणेतीन तास गेले. तर पावसाळ्यात खान्देशात गावरस्त्याला लागायचं असेल तर नकाशाला विचारू नका. फाट्यावरच्या पानटपरीवर विचारा, आणि "रस्ता आहे का" असं विचारू नका, कारण रस्ता असतोच. "आज चारचाकी गेली का" असं विचारा. दोर, फावडं आणि जुनी चप्पल गाडीत असू द्या. सुरतवाले सगळे ताप्ती लाइनच्या गाडीने अमळनेरला उतरले, रिक्षा केली आणि आमच्या आधी जेवून बसले होते. एकाच्याही पँटला डाग नाही. सोबत पेटी नसेल तर तुम्हीही रेल्वेनेच जा.

घरी पोचल्यावर गोधडी सोडली, भाता ओढला, तर पट्टी न दाबताच एक सूर भोंग्यागत चालू. मी हबकलो. जिभाऊंनी चष्मा लावला, झाकण काढलं, एक रुपयाच्या नाण्याने स्क्रू सैल केले आणि सुरांची पाटी बाहेर काढली. धक्क्यांनी एका पट्टीखालचं झडप तिरकं झालं होतं आणि फटीत कचरा अडकला होता. दुसऱ्या एका सुराच्या जिभेखाली धूळ होती म्हणून तो गप्प. त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाकिटाची पातळ पट्टी कापली, जिभेखाली अलगद सरकवली, बाहेर ओढली, नखाने छेडलं. मी मदत म्हणून फुंकर मारायला वाकलो तर हातावर चापट बसली. तोंडाची वाफ पितळेला लागली की तिथेच हिरवं धरतं. पट्ट्या मात्र पावसाच्या हवेने फुगल्या होत्या, त्या घासायच्या नाहीत. हिवाळ्यात आपोआप सुटतात, घासल्या तर मग खडखडतात. खोलीत चुलीपासून लांब, कोरड्या भिंतीशी रात्रभर ठेवायची. शंभर वॅटचा बल्ब जवळ लावण्याचा सल्ला एका भाच्याने दिला. नका लावू, सरस सुटतो.

रविवारी रात्री पेटी वाजली. "पेटी बोलनी रे!" असं जिभाऊ ओरडले तेव्हा माझा रस्त्याचा सगळा शीण गेला, आणि त्या भरात मी दोन-तीन जणांना "या याच रस्त्याने, काही होत नाही" असं सांगितलंही. ते मनावर घेऊ नका. आणखी एक, कानबाईची गाणी बायका म्हणतात आणि त्यांची पट्टी त्या ठरवतात. ती काळी एक आणि पांढरी दोन या पेटीवरच्या लागून असलेल्या स्वरांच्या मधे कुठेतरी होती. जिभाऊंनी दोन गाणी पाठलाग केला, मग नुसता भाता हलवत बसले. फुगड्यांच्या गोंगाटात कोणाच्या लक्षातही आलं नाही. पेटीला खरं काम पहाटे मिळालं, पुरुषांच्या अभंगांना.

सोमवारी विसर्जन झालं, मंगळवारी चाळीसगावजवळची पाटणादेवी पाहिली. चांगली आहे, जा.

परतताना धुळे, मालेगाव, नाशिकवरून आलो. टोल लागतो, तो द्या, आणि गाडी रुळासारखी सरळ पुण्यात आणा. पेटी गावीच ठेवली. पुन्हा तिला त्या रस्त्याने हलवण्याची माझी हिंमत नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. श्रावणात भरीत मागू नका, मिळेल पण ते हिवाळ्यातल्या बामणोदच्या वांग्याचं नसेल आणि तुम्ही उगाच खान्देशला नावं ठेवाल. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा बारा महिने चांगला. कानबाईच्या दिवशी कोणाकडे पाहुणे म्हणून जात असाल तर पुरणपोळी, खीर, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी पोटभर मिळेल. रोटाचं वेगळं आहे. आमच्या घरी एकेका पुरुषामाणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात. ताटात दिसले तरी मागू नका. देणार नाहीत, आणि मागितले म्हणून पुढची दहा वर्षं तुमची आठवण काढतील.